न झिजलेला बूट

मी एक जुना बूट आहे. उजवा. माझा डावा भाऊ याच खोक्यात उताणा पडलाय. मित्रांनो, जुना बूट म्हटलं की तो खूप चालला असेल असं तुम्हाला वाटेल. मी जेमतेम एक दिवस चाललो.

२००१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या एका दुकानातून शुभानं मला आणलं. त्याच फळीवरून तिच्या नवऱ्यानं, यतीननं, आपल्या मापाची जोडी घेतली. हवाईतल्या मौना लोआवर चढायचं ठरलं होतं. साडेतेरा हजार फुटांचा ज्वालामुखी. खाली नारळाची झाडं, वर हाडं गोठवणारी थंडी. लग्नाआधी शुभा सुट्टी मिळाली की सह्याद्रीतला एखादा गड चढून यायची. इथे व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नव्हती. या देशाकडे तिनं एवढा एक डोंगर मागितला होता.

पण त्याच वर्षी यतीनची नोकरी गेली आणि ट्रिप कॅन्सल झाली. पुढच्या वर्षी आन्या पोटात होती. मग दरवर्षी काहीतरी निघायचं. शुभानं मला मात्र जपलं. पातळ कागदात गुंडाळून कपाटात वर ठेवलं. दसऱ्याला गाडीला कुंकू लागायचं, कॉम्प्युटरलाही लागायचं. मी पायातला, मला कोण लावणार? तरी ती माझ्या खोक्यावर एक झेंडू ठेवायची.

यतीनची जोडी बर्फ उपसायची, गवत कापायला जायची. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठानं पांढरी, चिखलानं काळी. मला तिची कीव यायची.

"अगं, एकदा घालून फिर तरी," यतीन म्हणायचा.

"घरात बूट घालायचे नाहीत, बाहेर सगळं मीठ. खराब होतील. डोंगरावरच घालीन."

"मग म्युझियमला देऊन टाक ना यार."

२००७ साली जमलं. केबिनचं परमिट, पाणी, उंचीची सवय व्हावी म्हणून मधला मुक्काम, सगळं शुभानंच आखलं. आन्याला नोव्हाय गावात राहणाऱ्या लतिकामावशीकडे सोडून दोघं निघाले.

काळ्या, धारदार लाव्ह्यावर मी कोरा करकरीत उतरलो. दुपारी माझी टाच सुटली. मग तळवा भुगा होऊन गळू लागला. नुसता पडून राहिलेला बूट आतून कुजतो, मित्रांनो. अंगावर वजन पडत राहिलं तर तो जास्त टिकतो. कपाटात हे मला कोण सांगणार? शुभानं मला टेप गुंडाळला, दोरी बांधली. दगडांनी तीही कापली. मधल्या केबिनपर्यंत ती पोचली तेव्हा तिचा मोजा रक्तानं माझ्या आत चिकटला होता.

सकाळी यतीननं तिचा पाय पाहिला, मग वरची वाट पाहिली.

"तू थांब इथे. एवढं केलंय, मी तरी जाऊन येतो."

तिनं त्याच्या हातात कॅमेरा दिला. ती मळकी जोडी त्याला शिखरावर घेऊन गेली. तो दुसऱ्या दिवशी परत येईपर्यंत शुभा मला मांडीवर घेऊन दारात बसली होती. मला भिरकावलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्यावरून हात फिरवत होती.

"किती जपलं रे तुला," एवढंच म्हणाली.

पायाला फडकी बांधून ती चपलांवर डोंगर उतरली.

घरी आन्यानं फोटो पाहिले. "मग टॉपवर ओन्ली बाबा गेला?"

"हो."

दुरुस्त करून घेऊ म्हणून मी पुन्हा कपाटात आलो. यतीनची जोडी अजून बर्फ उपसते. मला आता तिची कीव येत नाही.

कालच माझ्या शेजारी एक नवं खोकं आलं. त्यात आन्याचे लाल स्नो बूट आहेत. तिनं लगेच मागितले, तर शुभा लाडानं म्हणाली, "एवढ्यात नको गं सोन्या, खराब होतील."

आन्याचे पाय भराभर वाढताहेत. बाहेर बर्फ पडायला लागलाय. मित्रांनो, मला हात नाहीत. तुमच्यापैकी कुणीतरी ते खोकं उघडा.