लाल फडकी

जतकडच्या माळावर तेल शोधणारी माणसं आली. त्यांनी केरबाच्या रानात लाल फडकी बांधलेल्या काठ्या रोवल्या, यंत्रानं भुईला हादरे दिले आणि वायरी गुंडाळून चालती झाली. जाताना साहेब म्हणाला, "खाली तेल असेल बाबा. पण किती आहे आणि काढणं परवडेल का, ते आत्ता सांगता येत नाही."

तेवढ्या बातमीवर पोराचा फोन सुरू झाला. विश्वजीत साताऱ्याला कारखान्यात नोकरीला. आई गेल्यापासून बाप जगला का मेला, याची त्यानं कधी चौकशी केली नव्हती. आता मात्र दर रविवारी विचारायचा, "आबा, तेलाचं कळलं का काय?"

"अजून न्हाई रं."

परवा साहेब परत आला. केरबाच्या हातचा कोरा चहा पिऊन म्हणाला, "तेल अगदीच थोडं निघालं. आता कोणी येणार नाही. काठ्या उपटा आणि खुशाल नांगर घाला."

केरबानं नांगर काढला नाही. काठ्यांची फडकी वाऱ्यानं फाटली होती, काही मेंढरांनी चघळली होती. त्यानं डोक्याचा लाल पटका सोडला, त्याच्या चिंध्या फाडल्या आणि एकेका काठीला नीट बांधल्या.

रविवारी फोन वाजला.

"कळलं का, आबा?"

"न्हाई रं. लय खोल हाय म्हनं. अजून मोजत्यात."

"मग दिवाळीला येऊनच बघतो. काठ्या हायत न्हवं जागच्या जागी?"

"हायत की," केरबा म्हणाला, आणि बोडक्या डोक्यानं तसाच उन्हात उभा राहिला.