कच्चा तांबडा

“तारे किती?” उद्धवरावांनी विचारलं.

“दोन.” दौलतरावांनी शिंप्याच्या नाकासमोर दोन बोटं नाचवली. “कालपतुर तीन व्हते, आज दोन. तांबडे व्हते ते हिरवे झाले. वरचा पट्टा हिरवा व्हता, त्यो तांबडा झाला. पांढरा आन्‌ काळा तेवढा जाग्याव हाय.”

“कामून बदलला?”

“आता मला काय इचारतो, मोगलाई? देशच बदलला म्हनं. ह्यो सिरिया आन्‌ त्यो इजिप्त, दोघांनी एक चूल मांडली. मुंबईची तार आलीया सकाळी. पाव्हनं दुपारी येनार. साहेब म्हनला, शिंप्याला सांग, जुना झेंडा चालनार न्हाई.”

उद्धवरावांनी खुंटीकडे पाहिलं. तीन तांबड्या ताऱ्यांचा झेंडा तिथे घडी करून, परीट घडीला लाजवील अशा इस्त्रीत लटकत होता. काल संध्याकाळीच पुरा झाला होता. बायकोने, सुभद्राबाईंनी, त्याला हळदीकुंकू लावायचं म्हटलं होतं, तेवढं उद्धवरावांनी होऊ दिलं नाही.

“शिवतो,” ते म्हणाले. शिंपी दुसरं काय म्हणणार?

दौलतराव पंपाच्या कंपनीत स्टोअरकीपर. कंपनीची भिंत त्यांच्याच वडिलार्जित जमिनीतून गेली होती आणि बदल्यात ही नोकरी आली होती, त्यामुळे कंपनीला ते आपलं घरच समजत आणि साहेबाला भाडेकरू. माणूस मनाने मोठा, पण जमेच्या बाजूला एक उपकार मांडला की खर्चाच्या बाजूला लगेच एक टोमणा मांडून हिशेब चुकता करायचा. झेंड्याचं काम उद्धवरावांना त्यांनीच मिळवून दिलं. मिळवून देताना साहेबापुढे म्हणाले, “मोगलाईतला शिंपी हाय. झेंडं शिवायची सवय हाय त्याला.”

टोमणा खोटा नव्हता. उद्धवराव परभणीकडचे. त्यांचा गाव निजामाच्या राज्यात. निजामाच्या वाढदिवसाला तालुक्याच्या शाळेवर लागणाऱ्या पिवळ्या झेंड्यासाठी दरवर्षी तहसिलीतून कापड यायचं आणि तो उद्धवराव शिवायचे. कडांना दुहेरी दुमड, वाऱ्याने एक सूत सुटायचं नाही. मग अठ्ठेचाळीस साली भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं, आणि गावच्या पोरांनी तो झेंडा उतरवून भर बाजारात विचारलं, हा कुणी शिवला? उद्धवराव गर्दीतच उभे होते. म्हणाले, मला काय ठाऊक. पोरांनी दुमड उलटून पाहिली. तशी दुमड सात गावांत दुसरं कुणी घालत नव्हतं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसते हसले. त्यानंतर त्यांच्याकडे कुणी नवं कापड दिलं नाही.

म्हणून ते चिंचवडला आले. स्टेशनाजवळ एक ओटा, एक पायमशीन, मागे एक खोली. चिंचवडकरांनी वाईट वागवलं असं कुणी म्हणू नये. उसवलेलं, फाटलेलं, तोकडं झालेलं सगळं त्यांच्याकडेच यायचं. नवं कापड मात्र गावातल्या जुन्या शिंप्याकडे. फाटकं कापड कुणाच्याही हाती देता येतं, नव्याला ओळख लागते.

आणि आता साहेबाने शब्द दिला होता. झेंडा नीट झाला, पाहुणे खूश झाले, तर कंपनीच्या सगळ्या कामगारांचे खाकी कपडे दरसाल उद्धवरावांनी शिवायचे. नवं कापड, ठाणच्या ठाण. कंपनीने दिलं म्हणजे गावही देईल. दौलतरावांनी तर पुतण्याच्या लग्नाच्या सदऱ्यासाठी पांढरंशुभ्र लाँगक्लॉथ आगाऊच आणून ठेवलं होतं. नऊ-दहा वर्षांतलं हे पहिलं नवं कापड. सुभद्राबाईंनी ते ट्रंकेत, सगळ्यात वर ठेवलं होतं.

दौलतरावांच्या सायकलवर मागे बसून उद्धवराव पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात गेले. सिंधी दुकानदाराने तांबडं कापड फाडून दिलं.

“रंग पक्का है ना, शेठ?”

“अरे बाबा, परसों भी यही पूछा था. पक्का है. मेरा घर छूट गया, ये रंग नहीं छूटेगा.”

परतताना दौलतराव घामाघूम होऊन सांगत होते, “त्येंच्याकडं बी कापूसच पिकतो म्हनं. पानी न्हाई पडत, नदीवरनं पंपानं उचलत्यात. एक म्हातारा येनार हाय, त्याची लई जिमीन हाय नदीकाठाला. त्याच्या मनात भरलं तर जहाजभर पंप जातील. मंग बग, कंपनीत दोन शिफ्टा.”

“आमच्याकडं बी कापूसच,” उद्धवराव म्हणाले.

“पर तुमच्याकडं पंप न्हाई. म्हनून तर तू हितं मागं बसलाय.”

घरी येऊन उद्धवरावांनी जुना झेंडा मांडीवर घेतला आणि ब्लेडने टाके उसवायला सुरुवात केली. पांढरा पट्टा आणि काळा पट्टा तोच वापरायचा, हिरव्यातून दोन तारे कापायचे, वर नवा तांबडा जोडायचा. हिशेब सरळ होता. हिरवा पट्टा सुटा झाला. मग एकेक तारा. शिंप्याच्या सवयीने सुटलेला तुकडा टोपीच्या दुमडीत खोचत ते पुढे गेले. तिसरा तारा निघाला तेव्हा सुभद्राबाई पाणी द्यायला आल्या होत्या.

“आवं, हे काय?”

पांढऱ्या पट्ट्यावर तीन गुलाबी तारे उमटले होते. कोपरा न्‌ कोपरा जसाच्या तसा.

काल इस्त्री करताना उद्धवरावांनी तोंडात पाणी घेऊन कापडावर फुर्र फवारलं होतं. सदऱ्यावर फवारतात तसं, जन्मभर फवारत आले तसं. कोळशाच्या इस्त्रीची वाफ झाली आणि दुकानदाराचा न सुटणारा रंग खालच्या पांढऱ्यात उतरला. तारे वर होते तोवर कुणाला दिसणार?

त्यांनी साबण लावून पाहिला. गुलाबी पसरायला लागलं, तसा हात मागे घेतला. उलटं करून पाहिलं. मागेही तेच.

“दोन तर झाकतील,” ते म्हणाले. “हिरव्याखाली जातील.”

“आन्‌ मधला?”

उद्धवरावांनी पट्टा पुन्हा सुलटा केला. सुभद्राबाई आत गेल्या, ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात लाँगक्लॉथ होतं.

“ह्यातला पट्टा काढा. दौलतभावजींना मागून सांगू.”

“ठेव ते आत.”

“आवं, तुमचं काम जाईल.”

“लोकानं भरवशानं दिलेलं कापड हाय. पहिलंच. ठेव.”

कॅम्पात पुन्हा जायला वेळ नव्हता. सायकलही दौलतराव घेऊन गेले होते. उद्धवरावांनी पट्टा उन्हात धरून पाहिला. मधला तारा अगदी फिका होता. सांगितल्याशिवाय कळणार नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पायमशीन सुरू झालं. या खेपेला पाण्याचा थेंब न लावता कोरडीच इस्त्री फिरवली, आणि कडांना नेहमीची दुहेरी दुमड घातली.

पाहुणे आले तेव्हा कंपनीच्या फाटकापाशी दोन काठ्या उभ्या होत्या. एकीवर आपला तिरंगा, दुसरीवर हा. साहेबाने उद्धवरावांना मुद्दाम बोलावून कामगारांच्या रांगेत उभं केलं होतं. मोटारीतून दोघे उतरले. एक तरणा, काळा चष्मा, करकरीत सूट. तो इजिप्तचा सरकारी अधिकारी. दुसरा म्हातारा, डोक्यावर गोंड्याची तांबडी टोपी, चालताना जमिनीकडे बघत चालणारा, शेतमालक चालतात तसा. तोच तो सिरियातला नदीकाठचा कापूसवाला.

वारा नव्हता. झेंडा काठीला लोंबत होता. उद्धवरावांना वाटलं, असाच राहू दे. पाहुण्यांच्या गळ्यात हार पडले, साहेबाने इंग्रजीत दोन शब्द बोलायला तोंड उघडलं आणि मुंबई रस्त्यावरून एक लॉरी धाडधाड गेली. तिच्या मागून वाऱ्याचा झोत आला. झेंडा उघडला. दुपारचं ऊन त्याच्यातून आरपार गेलं. दोन हिरवे तारे, आणि दोघांच्या मधोमध एक गुलाबी.

साहेबाचं इंग्रजी तिथेच थांबलं. काळ्या चष्म्याने चष्मा काढला.

“काय आहे हे?” साहेब दातांतून म्हणाले. चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू तसंच होतं. “तिसरा तारा कुणी लावला? शिंपी कुठाय?”

उद्धवराव पुढे झाले. तेवढ्यात मागून दौलतरावांचा मोठा आवाज आला, “साहेब, रंगपंचमी झाली की परवा! पोरं लई वांड. वाळत घातला आसंल, उडवला आसंल रंग. व्हय ना रं?”

साहेबाच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ते घाईघाईने इंग्रजीत सण, रंग, मुलं असं काहीतरी सांगायला लागले. मग उद्धवरावांकडे वळून म्हणाले, “काय? असंच ना? रंगपंचमीचा रंग?”

नुसती मान हलवायची होती. साऱ्या कंपनीची खाकी ठाणं त्या मानेवर होती. दौलतराव मागून डोळे मोठे करून खुणावत होते.

उद्धवरावांनी झेंड्याकडे पाहिलं. दुमड उन्हात सरळ रेघेसारखी दिसत होती.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “जुन्या झेंड्याचा तारा आहे तो. रंग कच्चा निघाला. झेंडा मीच शिवलाय. दोन्ही.”

साहेबाने हे इंग्रजीत सांगितलं नाही. पण म्हाताऱ्याला सांगावं लागलं नसावं. तो झेंड्याकडून उद्धवरावांकडे आला. गळ्यातल्या मोजपट्टीकडे बोट करून म्हणाला, “खय्यात?”

निजामाच्या कागदांत शिंप्याला हाच शब्द होता. वर्षानुवर्षं कानावर पडला नव्हता. उद्धवरावांच्या तोंडून आपसूक गेलं, “जी हुजूर.”

म्हाताऱ्याने तीन बोटं वर केली आणि भुवया उंचावल्या. उद्धवरावांनी डोक्यावरची टोपी काढली. तिच्या दुमडीतून तीन तांबडे तारे काढून तळहातावर ठेवले. म्हाताऱ्याने एक तारा उचलला, कडा नखाने चाचपली, कापूसवाल्याच्या सवयीने सूत चिमटीत चोळून पाहिलं. मग तिन्ही तारे रुमालात बांधले आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. त्याच्या बोटांना गुलाबी रंग लागला होता, तो त्याने पुसला नाही.

हे काळ्या चष्म्याने पाहिलं. तो पाहतोय हे साहेबाने पाहिलं. बाकीच्यांनी पंप पाहिले.

पंपांची ऑर्डर आली नाही. साहेबाला पुढे कळलं ते असं की, सिरियातल्या मोठ्या खरेदीचा निकाल आता कैरोत लागणार होता, म्हाताऱ्याच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. पण कैरो चिंचवडपासून लांब आणि शिंप्याचा ओटा जवळ. दुसरी शिफ्ट झेंड्याने घालवली, असं कामगार म्हणू लागले. खाकी कपड्यांचं काम पुण्याच्या एका दुकानाला गेलं. गावातली फाटकी कापडंही आता जरा जास्तच फाटून येऊ लागली. दौलतराव ओट्यासमोरून जाताना सायकलची घंटी वाजवत, पण थांबत नसत. पुतण्याचा सदरा त्यांनी बायकोला पाठवून नेला.

वैशाखात एके दिवशी ते थांबले. कॅरिअरवरचं बोचकं सोडून ओट्यावर ठेवलं. तो झेंडा होता.

“साहेब म्हनला, कापड वाया कशाला घालवायचं. मशीन पुसायला फडकी करून आन.” दौलतराव बाहेर रस्त्याकडे बघत बोलत होते. “मी म्हनलं, दुसऱ्या कुनाला द्या. तर म्हनला, न्हाई, त्यालाच द्या.”

“बरं,” उद्धवराव म्हणाले. “बसा. आत्ता करून देतो.”

दौलतराव ओट्याच्या कडेला बसले. उद्धवरावांनी झेंडा पसरला, खडूने आखला आणि कात्री चालवली. तांबडी फडकी, काळी फडकी, पांढरी फडकी. हिरवे तारे उसवून बाजूला ठेवले. मग मशीनपाशी बसले आणि एकेका फडक्याची कड दुमडायला लागले. एकदा, मग त्यावर पुन्हा एकदा.

फडक्यांचा गठ्ठा वाढत चालला.

“आरं, फडक्याला कशाला दुमड?” दौलतराव अखेर म्हणाले. “त्यानं तेल पुसायचं, मंग त्ये बॉयलरात जायाचं.”

“सूत सुटतं, राव. मशीनमधी अडकलं तर लोक म्हणतील, कुणी शिवलं.”

सगळ्यात शेवटी मधलं पांढरं आलं. गुलाबी तारा दोन महिन्यांच्या उन्हाने विटून नुसती सावली उरली होती. उद्धवरावांनी त्याच्याही चारी कडा सारख्या दुमडल्या, दोरा दातांनी तोडला आणि ते बाकीच्यांत, ना वर ना खाली, मधेच ठेवलं. घडी करून गठ्ठा पुढे सरकवला.

दौलतरावांनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला. कॅरिअरला बांधायला गेले, मग थांबले, दोरी सोडली आणि गठ्ठा काखेत घेतला.

“येतो, उद्धवराव,” ते म्हणाले, आणि सायकल हातात धरून पायीच कंपनीच्या वाटेला लागले.