रिकाम्या सभागृहाची टेप

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझ्याकडून हसण्या-रडण्याची अपेक्षा ठेवू नका. सार्वजनिक रेडिओ केंद्रात सव्वीस वर्षं मी लोकांचं हसणं-रडणं टिपलं. माझं स्वतःचं काही उरलंच नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी चकचकीत होतो. सगळे कौतुकाने हात लावून बघायचे. केंद्रातले रेकॉर्डिस्टकाका मला खांद्याला अडकवून सभा, सुनावण्या, उद्घाटनं पालथी घालायचे. त्यांचा एक हट्ट होता. कार्यक्रम संपला तरी शेवटची खुर्ची उचलेपर्यंत मला बंद करायचं नाही. टेपचे तुकडे जोडताना मधे भरायला रिकाम्या खोलीचा आवाज लागतो, म्हणायचे. स्वतः मात्र हेडफोन काढून चहाला पसार!

एकदा धोक्याचा म्हणून बंद केलेला पादचारी पूल कोसळला. चार माणसं दगावली. चौकशीच्या सुनावणीत पुलाचा पहारेकरी उभा राहून म्हणाला, "फाटक मीच उघडं ठेवलं. साहेबांनीच तसं सांगितलं होतं." इंजिनियरसाहेबांनी कानांवर हात ठेवले. संध्याकाळच्या बातम्यांत वेळ कमी, म्हणून पहारेकऱ्याचं पहिलं वाक्य ठेवलं, दुसरं कापलं. त्याची नोकरी गेली. लोक त्याच्या दारासमोर थुंकू लागले. तो बोलायचाच थांबला. मला काही वाटलं नाही. मी तेव्हा दुसरीकडे एक उद्घाटन टिपत होतो.

पुढे नवी यंत्रं आली आणि मी टेपांसकट काकांच्या कपाटात, अडगळीत गेलो. नऊ वर्षं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग केंद्राने ठरवलं, जुनी ध्वनिमुद्रणं काटछाट न करता लोकांना खुली करायची. ऐका, तपासा, लिहा. सगळ्यात आधी आली पहारेकऱ्याची बहीण. ती शिवणकाम करायची आणि वस्तीसाठी चार पानांचं पत्रक काढायची. काकांनी माझी धूळ पुसली. सुनावणीच्या शेवटच्या टेपच्या डब्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'रिकामं सभागृह'.

"ताई, यात काही नाही. नुसत्या खुर्च्या."

"असू द्या काका. आलेच आहे तर खुर्च्याही ऐकते."

टेपवर खुर्च्या सरकल्या. मग इंजिनियरसाहेब कारकुनाला दबक्या आवाजात म्हणाले, "फाटक उघडं ठेव, असं मीच सांगितलं होतं त्याला. आता तू तोंडाला कुलूप लाव."

काकांनी डब्यावरचं स्वतःचं अक्षर पुन्हा वाचलं. "अरे देवा! नऊ वर्षं हे माझ्याच कपाटात होतं."

बहिणीने शब्द न् शब्द छापला. लोकांनी अख्खी टेप ऐकली. चौकशी पुन्हा सुरू झाली. मग एका दुपारी ती भावाला घेऊन आली. त्याला साहेबांचा आवाज नको होता. त्याने खुणेने स्वतःचंच दुसरं वाक्य लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं.

"म्हणजे मी बोललो होतो," तो हळूच म्हणाला. "मला वाटायला लागलं होतं, मी बोललोच नाही."

मित्रांनो, माझा पट्टा आता झिजलाय. धूळ पुसलीत तर बरं, नाही पुसलीत तरी चालेल. पण डब्यावरचं नाव वाचून टेप परत ठेवू नका. आणि माणूस बोलत असेल, तर त्याच्या दुसऱ्या वाक्यापर्यंत थांबा.