पालखीचे थांबे

रस्ता रुंद करायचा तो लोकांना विचारूनच, असं म्हणत इंजिनियर श्रीनाथ देवळाच्या मंडपात नकाशा घेऊन आला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण मेल्यांनो, कोणी विचारलं तर खरं सांगावं, एवढं तरी कळायला नको?

"पालखी जिथे थांबते त्या जागांना मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "तुम्हीच दाखवा."

झालं! पहिले उठले माझे दीर गोकुळदास. "आमच्या दारात थांबते." सून म्हणून आल्यापासून त्यांच्या दारात थांबलेली पालखी मी बघितलेली नाही. मग शेजारची विनिता उठली, मग पलीकडचा गौरेश. बघता बघता रस्त्याची उजवी बाजू थांब्यांनी भरली. इतकी थांबत गेली तर पालखी देवळात परतणार कधी? श्रीनाथ बिचारा लाल ठिपके देत गेला आणि शेवटी म्हणाला, "मग रुंदी सगळी डावीकडेच घ्यावी लागेल."

डावीकडे शेतं, आणि शेतांच्या कडेला एकटं कमलचं घर, पुढे भजी-पावाचं दुकान. ती आणि तिचा नवरा महादेव सावंतवाडीकडून खाणीच्या कामाला आली. खाण बंद पडल्यावर दोघांचं पोट त्या दुकानावरच. कमल खांबाला टेकून बसली होती.

"बोल गो," मी म्हटलं.

"वयनी, पालखीत माजो खंय मान आसा? मी काय सांगू?"

माझं डोकं फिरलं. "बाबाजी, नारळ ठेवा," मी ओरडलेच. "एकेका थांब्याचं गाऱ्हाणं घाला!"

आमच्या देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, बाबाजीच घालतात. त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा! गोकुळदासाच्या दारात तुजी पालखी थांबता, ह्यां खरां आसा तर ह्येचां दार सांभाळ रे म्हाराजा!"

आता सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकाचंही तोंड उघडेना. देवापुढे खोट्याला 'व्हय' कोण म्हणणार?

"आजोबांच्या वेळी थांबायची म्हणे," भावोजी पुटपुटले. "पूस रे तो ठिपका."

मग एकेक ठिपका पुसला गेला. उरला फक्त माझा. माझ्या सासूबाई दारातल्या सोप्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, कळशी ठेवून भोयांना पाणी द्यायच्या, तेव्हापासूनचा तो थांबा. त्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले.

श्रीनाथने पट्टी लावून बघितली. "बाकी रस्त्याचा प्रश्न सुटला. पण तुमच्या दारासमोरच कमलबाईंचं दुकान आहे. सोपा राखला तर दुकान जाणार."

त्याच सोप्यावर माझा नवरा शेवटपर्यंत बसायचा. खोटं कशाला बोलू, कमलचा राग आला. ती मान खाली घालून पदर पिळत होती.

"बाबाजी, आणखी एक गाऱ्हाणं घाला," मी म्हटलं. "माझा मान कमलला दिला. यंदापासून पालखी तिच्या दारात थांबेल, पाणी ती देणार."

मग भावोजीच मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यांच्यामागून सगळे.

रस्ता झाला, सोपा गेला. जत्रेला पालखी पहिल्यांदा कमलच्या दारात थांबली. मी समोर माझ्या दारात उभी. बसायला काही उरलंच नव्हतं, आणि डोळे भरून आले होते.

कमलने भोयांना पाणी दिलं, दुकानातलं स्टूल उचललं आणि पालखी दारात असतानाच रस्ता ओलांडून आली.

"बसा, वयनी."

मी बसले.