घरी झालेले अपघात

मुकादमाने जावयाचा अंगठा आपल्या शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा हजेरीच्या यंत्राच्या काचेवर टेकवला. काच लाल झाली. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"मामा, दुखतंय."

कारखान्यात मुकादमाला सगळेच मामा म्हणत. त्यामुळे लग्न झाल्यावर जावयाला नवं संबोधन शोधायचे कष्ट पडले नव्हते.

"दुखणारच. प्रेसखाली सापडलाय तो. जरा दम धर, एकदा बाहेर पडलास की सुटलास."

अंगठा उमटला की माणूस कामावर नाही अशी नोंद होई, आणि मागचं फाटक उघडे. कामावर नसलेल्या माणसाला जे काही होतं ते घरी होतं, हा इथला रिवाज होता. आणि तो पाळण्यासाठी फाटकावर एक पाटी होती. 'अपघाताविना अखंड वाटचाल', आणि खाली दिवसांचा आकडा. पूर्वी तो खडूने लिहीत. नवे साहेब डोंगरावरच्या कुठल्याशा नेतृत्व शिबिराला जाऊन आले आणि आकडा दिव्यांचा झाला. त्याची वायर त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीला जोडून घेतली. पेटीचं झाकण उघडलं की आकडा शून्यावर येणार आणि साहेबांचा फोन वाजणार. मदत ताबडतोब मिळावी, हा हेतू. तेव्हापासून झाकण कोणीच उघडलं नव्हतं. कापूस आणि पट्ट्या लोक जेवणाच्या डब्यातून आणत. आसपासच्या दवाखान्यांत या कारखान्याची माणसं घरी फार धडपडतात अशी ख्याती होती. ज्यांची घरं बैठी होती, तेही जिन्यावरून पडत.

पुढच्या मैदानात आज त्याच आकड्याबद्दल साहेबांना ढाल मिळत होती. भोंग्यातून त्यांचा आवाज येत होता, "यंत्रं विकत मिळतात, मित्रांनो. संस्कृती घडवावी लागते!"

टाळ्या पडल्या.

"डावा लावून बघा," वॉचमन म्हणाला.

"डावा नोंदवलेलाच नाही. तू किल्लीने उघड ना."

"किल्ली आता साहेबांच्या फोनमध्ये असते, मामा. आणि फोन भाषणापुरता बंद आहे." वॉचमनने भिंतीवरच्या पेटीकडे पाहिलं. "ही उघडू का?"

मुकादमानेही पेटीकडे पाहिलं. हात लांब केला असता तर पुरला असता. त्या हाताची तर्जनी अर्ध्यावर तुटलेली होती.

"नको," जावईच म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आज नको. ढाल मिळतेय. जन्मभर ऐकून घ्यावं लागेल मला."

"शहाणा आहेस," मुकादम म्हणाला आणि त्याने अंगठा पुन्हा पुसायला घेतला.

संस्कृती या विषयावर साहेब पुष्कळ बोलू शकत. ते थांबले, पाहुणे जेवायला वळले, तेव्हा कुठे फोन सुरू झाला आणि फाटक उघडलं. भंगाराच्या टेम्पोतून मुकादमाने जावयाला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं आणि अंगठा दिव्याखाली धरून पाहिला.

"फार उशीर केलात," त्या म्हणाल्या. "लगेच आणलं असतं तर वाचला असता अंगठा. कुठे झालं हे? कसं?"

तेवढ्यात निरोप मिळालेली मुकादमाची लेक आत आली. तिने दार इतक्या हळू लावलं की ती आलेली कोणाला कळलंही नाही. ती लहानपणापासून अशीच लावायची. दोन्ही हातांनी धरून, फटीत आधी नजर टाकून. सासरी याचं कौतुक होतं. किती वळण आहे मुलीला!

मुकादम जिना म्हणणार होता. पण लेकीचं बिऱ्हाड तळमजल्यावर. मग जिभेवर जुनंच वाक्य आलं. पाटीवर खडू होता त्या काळात, अशाच एका दवाखान्यात ते त्याने पहिल्यांदा म्हटलं होतं. त्याआधी कारखान्यातले अपघात कारखान्यातच होत. त्या वेळच्या साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी त्याला मुकादम केलं.

"घरी," तो म्हणाला. "दारात सापडला."

बाई लिहू लागल्या.

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता.

"बाबा, घरी तर मीच होते."

मुकादमाने तिला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

"मी दार लावलं नाही, बाबा."

"अगं, कागदावर काहीतरी लिहावं लागतं. तू मनावर घेऊ नकोस."

"मी आजचं नाही म्हणत."

बाईंचं पेन थांबलं. लेक बापाच्या हाताकडे बघत होती. मुकादमाने तो हात खिशात घातला.

"आई म्हणायची, जाऊ दे, तू काही मुद्दाम नाही लावलंस. लहान होतीस." तिचा आवाज अगदी साधा होता, सामान कुठे ठेवलंय हे विचारावं तसा. "ते तरी माझ्या हातून झालं होतं का?"

खिशातला फोन थरथरला. तुटक्या बोटाखाली तो मुकादमाला स्पष्ट जाणवला. रोज याच वेळी सगळ्यांना एकच निरोप येई: आजही अपघात नाही, अभिनंदन.

"मग काय लिहू मी?" बाईंनी विचारलं.

"थांबा जरा. लिहू नका," लेक म्हणाली. तिने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. मग बापाला विचारलं, "ती पेटी कुठल्या भिंतीवर आहे? मागच्या फाटकाच्या ना?"

ती बाहेर पडली. तिच्यामागे दार धाडकन आपटलं, आणि ट्रेमधली कात्री कितीतरी वेळ किणकिणत राहिली.