बूड न टेकलेली गाडी

इंदरनं बापाला फसवलं. बाईपायी नाही, दारूपायी नाही, एका लाल गाडीपायी. सांगायलाही लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

बाप म्हणजे बुद्राम. त्रिनिदाद बेटावर बारकपूरच्या उसात एकतीस वर्षं ट्रॅक्टर हाकलेला माणूस. बेटावरचा ऊस बंद झाला, ट्रॅक्टरही गेला, गावात बुद्रामचा शब्द तेवढा शिल्लक राहिला. कुंपण कोणाच्या हद्दीत, कोणाची गाय कोणाच्या भोपळ्यात शिरली, असलं काही पेटलं की लोक आधी त्याच्या ओट्यावर येत. "बुद्राम म्हणाला ना? मग मिटलं," म्हणत आणि घरी जात.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट मनाला लागली होती. गेल्या वर्षी त्याचा मेहुणा सोनीलाल यानं शोरूममधून कोरी गाडी आणली. तिच्या पूजेला बुद्राम हौसेनं आत बसायला गेला, तर सोनीलाल सगळ्यांदेखत म्हणाला, "जिजा, थांबा थांबा! आधी खाली कागद टाकू दे. तुमच्या विजारीचं ग्रीस एकतीस वर्षांचं आहे!" लोक हसले. बुद्रामही हसला. घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही.

इंदरनं गाडी घ्यायचं काढलं तेव्हा बापानं आपली पुंजी त्याच्या पुढ्यात ठेवली. "कुठली पण घे, बेटा. लहान घे. पण कोरी घे. जिच्यात अजून कोणाचं बूड टेकलेलं नाही अशी एक तरी गाडी या दारात उभी राहू दे."

"घेतो, पा," इंदर म्हणाला. म्हणाला तेव्हा खरंच म्हणाला हो, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

तेवढ्या पैशात शोरूमला काय मिळत होतं? बाराशे सीसीचं खेळणं. चढावर एसी लावला की इंजिन रडायचं. आणि तेवढ्याच पैशात चगुआनास शहरातल्या एका आवारात, जपानहून जहाजानं आलेल्या जुन्या गाड्यांच्या रांगेत, ती उभी होती. लाल, दोन लिटरची, टर्बो, हातानं टाकायचे सहा गिअर. वय नऊ वर्षं. इंदर सोळा वर्षांचा असल्यापासून वॉलरफील्डच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतींना कुंपणाबाहेर उभा राहून असल्या गाड्या बघत आला होता. आवारवाल्यानं किल्ली हातात दिली, हायवेवर तिसऱ्या गिअरला टर्बोनं पाठीत रट्टा दिला, आणि झालं! बाप, वचन, सोनीलाल, सगळं मागच्या काचेत बारीक होत गेलं.

लपवायलाही सोपं होतं. जुनी गाडीसुद्धा बेटावर ज्या दिवशी येते त्या दिवशी चालू असलेल्या मालिकेचीच अक्षरं तिच्या नंबरप्लेटवर चढतात. प्लेट कोरी, रंग पॉलिश करून कोरा. इंदरनं काचेवरचे जपानी कागद ब्लेडनं खरवडले. मीटरवर किलोमीटरच्या जागी घड्याळ दिसेल अशी तजवीज केली. गादीवाल्याकडून पारदर्शक प्लास्टिक आणून सीटांवर चढवलं, अगदी शोरूमसारखं. राहिली ती बाई. जपानहून आलेल्या पुष्कळ गाड्यांत किल्ली फिरवली की एक बाई जपानीत काहीतरी बोलते. काय बोलते ते कोणालाच ठाऊक नाही, पण कसल्या गाडीत बोलते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. आवारवाल्यानं फ्यूज काढून तिचं तोंड बंद केलं आणि फ्यूज इंदरच्या खिशात टाकला.

त्याची बायको रोशनी हे सगळं बघत होती. "पांना सांग," ती म्हणाली. "आत्ता सांगशील तर शिव्या खाशील, नि सुटशील."

"पूजा होऊन जाऊ दे ना. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुझी असती तर गोष्ट वेगळी, राजा. पैसे पांचे आहेत."

रविवारी अंगणात मांडव पडला. भोपळ्याची भाजी, चणे, आंब्याची तिखटगोड तलकारी शिजत होती, वाढायला सोहारीची पानं धुऊन ठेवली होती. बुद्राम सकाळपासून गाडीभोवती फिरत होता. हात मागे बांधून. बोटाचे ठसे उमटतील म्हणून तो तिला शिवतसुद्धा नव्हता. एकदाच त्यानं दार उघडलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"इंदर, छतातला दिवा लागत नाही. कोरी गाडी आणि दिवा नाही? उद्या शोरूमला परत घेऊन जाऊ. मी येतो बरोबर."

"नको नको पा, फ्यूज सैल असेल," म्हणत इंदरनं खिशातला फ्यूज घाईघाईनं जागेवर दाबला. दिवा लागला. म्हातारा लहान पोरासारखा हसला. त्या हसण्यात इंदर बाईला साफ विसरला. गाढव लेकाचा!

पंडितजींनी बॉनेटवर शेंदूर लावला, आरती ओवाळली, नारळ फोडला. मग बुद्रामच्या मनगटाला लाल धागा बांधून म्हणाले, "घरातल्या मोठ्यानं आधी बसावं. गाडी चालू करून हातभर पुढे घ्या."

बुद्रामनं चपला बाहेर काढल्या. सोनीलालकडे एकदा बघितलं, विजार झटकली आणि प्लास्टिकवर बसला. किल्लीला हात घातला आणि अनवाणी डावा पाय क्लचवर ठेवला.

तिथंच तो थांबला.

इंदर उघड्या दाराशी उभा होता. त्याला बापाचा पाय दिसत होता. अंगठा पेडलच्या रबरावरून हळूच फिरला. मधे रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, डाव्या कडेला तर आतलं लोखंड लागत होतं. काच खरवडली, सीट झाकल्या, प्लेट चमकवली, पण पेडलकडे बघायचं इंदरला सुचलंच नव्हतं. एकतीस वर्षं क्लच दाबत आलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. अंगठा पुन्हा एकदा फिरला. बुद्रामनं वर बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं इंदरला आजही वाटतं.

"जिजा, झोपलात काय?" सोनीलाल ओरडला.

बुद्रामनं क्लच दाबला, किल्ली फिरवली. आणि बाई बोलली. गोड, स्वच्छ, खणखणीत जपानीत.

चण्यावरचा डाव हलायचा थांबला. मग सोनीलालनं मांडीवर थाप मारली.

"अरे बाप रे! जिजा, ही तर पाहुणी आलीय जपानची! किती बुडं टेकवून आलीय विचारा तरी!"

इंदरनं तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, खरं सांगायलाच उघडलं. पण बापानं त्याला बोलू दिलं नाही.

"कंपनी जपानची आहे," बुद्राम शांतपणे म्हणाला. "ती काय भोजपुरी बोलेल?"

"पण कोऱ्या गाडीतली बाई इंग्रजी बोलते, जिजा. माझ्यातली बोलते."

"ही बोलत नाही. मी स्वतः गेलो होतो शोरूमला, इंदरच्या बरोबर. माझ्यासमोर गाडी बाहेर काढली. हे प्लास्टिक कंपनीचं आहे, मीच सांगितलं काढू नको म्हणून." लाल धाग्याचा हात त्यानं स्टिअरिंगवर ठेवला. "कोरी आहे. मी सांगतो."

बुद्राम म्हणाला, म्हणजे मिटलं. सोनीलालसुद्धा मागे सरकला. पंडितजी खाली बघून नारळाचे तुकडे गोळा करू लागले. त्यांच्या स्वतःच्या गाडीत तीच बाई बोलायची, त्यांना कळलं नसेल होय? रोशनी पदर तोंडाला लावून आत निघून गेली. बुद्रामनं गाडी हातभर पुढे घेतली, बंद केली, उतरून चपला घातल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकताना इंदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पानं उठल्यावर तो नळाशी हात धुणाऱ्या बापाजवळ गेला. "पा, मी..."

"ते रबर बदलून टाक," बुद्राम म्हणाला. "कळणारा कोणी बसला तर ओळखेल."

"पा, मला शिव्या द्या. मारा हवं तर."

"आणि ते प्लास्टिक काढू नको. मी सांगितलंय कंपनीचं आहे म्हणून." त्यानं हात विजारीला पुसले. "मी आहे तोवर राहू दे."

तेव्हापासून इंदर त्या प्लास्टिकवर बसून कामाला जातो. पाठ घामानं थबथबते. तिसऱ्या गिअरला टर्बो रट्टा देतो, पण मजा कसली येते त्यात? कधी बाप शेजारी असतो. वाटेत कोणी विचारलं, "बुद्राम, कोरी काय?" की तो मान हलवतो, "कोरी."

तीन आठवड्यांनी शेजारचे दोघे भाऊ तावातावानं ओट्यावर आले. आंब्याच्या झाडावरून भांडण पेटलं होतं, हद्दीचा खांब कोणी हलवला म्हणून. "चाचा, तुम्ही खांब रोवताना तिथं होता. तुम्ही म्हणाल ते कबूल."

इंदर गाडीत वाकून पेडलला नवीन रबर चढवत होता. त्याचे हात थांबले.

बुद्राम ओट्यावर टांगलेल्या हॅमॉकमधून उठला आणि आत जायला वळला.

"मला नका विचारू, बाबांनो," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला तरी विचारा."