लिलावात गेलेला मुलगा

मुलुंडच्या त्या कॉलेजात कबड्डी शिकवता शिकवता दशरथ सरांचे केस पिकले होते. विद्यापीठाचे करंडक त्यांनी बरेच आणले, पण त्याचं कोणाला फारसं कौतुक नव्हतं. कॉलेजचं नाव झालं ते नितेशमुळे. भांडुपच्या चाळीत वाढलेला, मूळचा देवगडकडचा हा पोरगा व्यावसायिक लीगच्या लिलावात निवडला गेला. टीव्हीवर त्याचं नाव पुकारलं आणि आठवड्याभरात त्याचा फोटो कॉलेजच्या गेटवर झळकला. त्या वर्षी खेळाच्या कोट्यातल्या प्रवेशासाठी झुंबड उडाली. मागच्या मैदानावर नवी इमारत बांधायचा ट्रस्टींचा बेत बारगळला. सरावाला नवी मॅट आली, पोरांना रोज केळी-अंडी मिळायला लागली.

त्यानंतर मात्र कॉलेजचा एकही मुलगा लिलावात गेला नाही. कोटा रिकामा राहायला लागला आणि इमारतीचा नकाशा पुन्हा टेबलावर आला.

"यंदा प्रवेशाच्या आधी पालकांची सभा घेऊ," प्राचार्या रत्नप्रभा मॅडम म्हणाल्या. "नितेशला बोलवा. लीगची जर्सी घालून येऊ दे. दोन शब्द बोलेल."

"मॅडम, त्याला टीमने कधीच सोडलं," दशरथ सर म्हणाले. "अख्खा मोसम बाकावर बसवला. एकदा उतरवला, पहिल्याच चढाईत पकडला गेला. पुढच्या लिलावात कोणी बोलीच लावली नाही."

"हे पालकांना माहितीये का?"

"नाही."

"मग राहू दे ना. सर, मला काय हौस आहे? कोटा भरला नाही तर मैदान जाणार. मग तुमची आहेत ती पोरं कुठे खेळवणार, गच्चीवर?"

दशरथ सर पवईला गेले. तिथल्या एका मोठ्या ऑफिसच्या फाटकावर नितेश निळ्या गणवेशात उभा होता, येणाऱ्या गाड्यांच्या खाली आरसा सरकवून बघत होता. सरांना बघून तो हसला, पण हात थांबवला नाही. पोरगा नाही म्हणेल, चिडेल, अशी सरांना आशा होती. वाटेत त्यांनी मॅडमना सांगायची वाक्यंही जुळवली होती.

"रविवारी ना? येतो की," नितेश म्हणाला. "ड्युटी बदलून घेतो."

"अरे, तू काय सांगणार त्यांना?"

"तुम्हाला काय सांगितलेलं हवंय, सर?"

मागच्या गाडीने हॉर्न मारला आणि नितेश आरसा घेऊन पुढे गेला.

रविवारी हॉल भरला. नितेश लीगच्या जर्सीत स्टेजवर आला तेव्हा मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. आणि काय बोलला तो! रोषणाई, हजारोंचा आवाज, हॉटेलातली मऊ गादी, हवाई प्रवासात पोटात आलेला गोळा. त्यातलं बरंचसं खरं होतं, फक्त सगळं वर्तमानकाळात होतं. "आमची टीम," असं तो म्हणत होता. "यंदा आम्ही जोर लावणार."

एक बाई उभ्या राहिल्या. "माझा पोरगा पण जाईल ना रे, बाळा?"

नितेशने दशरथ सरांकडे बघितलं. मग म्हणाला, "जाईल ना, मावशी. सर आहेत ना आमचे."

टाळ्या वाजल्या. दशरथ सर उठून बाहेर आले.

व्हरांड्यात एक माणूस आपल्या मुलाला घेऊन थांबला होता. "जय भीम, सर. मी रतन. देवनारहून आलो. लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक आहे. हा केतन. शाळेत कॅप्टन होता. याला आयटीआयला सीट लागलीय, पण आता हे ऐकलं आणि ठरवलं, इथेच घालायचा."

केतनचे खांदे चांगले होते. पावलंही हलकी असणार, सरांच्या नजरेने लगेच ओळखलं. म्हणूनच त्यांना राहवलं नाही.

"रतनभाऊ, ऐका माझं. याला आयटीआयला घाला. संध्याकाळी कुठल्या तरी मंडळात खेळू दे. लिलावाचं काही खरं नसतं. तो आत बोलतोय ना, तो आता लीगमध्ये नाही. फाटकावर ड्युटी करतो."

रतनचा चेहरा उतरला नाही, कठोर झाला. तो मुलाला म्हणाला, "तू जरा पाणी पिऊन ये." केतन गेल्यावर आवाज खाली आणून त्याने विचारलं, "सर, आतल्या सगळ्यांना हेच सांगितलंत?"

"नाही."

"मग मलाच का? देवनार ऐकलं म्हणून? की जय भीम म्हणालो म्हणून?"

"अहो, काय बोलताय! पोरगा चांगला आहे म्हणून सांगतोय."

"चांगला आहे तर घ्या ना. लहानपणापासून ऐकत आलोय सर, की हे तुमच्यासाठी नाही, आयटीआय करा. माझ्या बापाला ऐकवलं, मला ऐकवलं. याला नाही ऐकवू देणार."

दशरथ सर आता काहीही बोलले असते तरी रतनला तेच ऐकू आलं असतं. आतून पुन्हा टाळ्यांचा गजर झाला. केतन ओठ पुसत परत आला आणि त्यांच्या पाया पडला.

"प्रवेश झाला की पुढच्या सोमवारी सकाळी ये," सर म्हणाले. "गुडघ्याच्या पट्ट्या आण."

त्या आठवड्यात कोटा भरला. ट्रस्टींनी मैदानाचा विषय वर्षभर पुढे ढकलला. मॅडमनी सर्वांसमोर दशरथ सरांचं अभिनंदन केलं आणि हसत हसत म्हणाल्या, "आता पुढच्या लिलावात एक तरी नाव हवं हं, सर."

सभा संपली त्या दिवशी नितेशने जर्सी काढून नीट घडी करून बॅगेत ठेवली होती. त्याला रिक्षापर्यंत सोडायला सर गेले. माफी मागायची होती. नितेशचा चेहरा मात्र उजळलेला होता.

"झकास झालं ना, सर? शिट्ट्या ऐकल्या?"

"ऐकल्या."

"लीगमध्ये माझ्यासाठी कोणी नाही मारली कधी." तो रिक्षात बसला, मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "पुढच्या वर्षी पण मलाच बोलवा हां."

पुढच्या सोमवारी सकाळी नवी पोरं मैदानावर रांगेत उभी राहिली. केतन सगळ्यांच्या पुढे होता. दशरथ सरांनी शिट्टी तोंडात धरली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि मग फुंकली.